फळा कोणाचा?

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



सातवीत असताना शाळेच्या दाराजवळच्या फळ्यावर ठळक बातम्या लिहायचं काम माझ्याकडे होतं. सकाळी आकाशवाणी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या ऐकायच्या, वहीत टिपायच्या आणि प्रार्थनेआधी खडूने फळ्यावर उतरवायच्या. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की बाई सगळ्यांसमोर पुसायला लावत!

त्या फळ्याची खरी किंमत मला कॅनडात कळली. मी एडमंटनला राहतो. तिथली सीबीसी ही आपल्या आकाशवाणी-दूरदर्शनसारखीच सार्वजनिक प्रसारण संस्था. बहुतांशी करदात्यांच्या पैशावर चालणारी. लोक फेसबुकवर रमले, तशी तीही बातम्या घेऊन तिथे गेली.

जून २०२३ मध्ये कॅनडाने कायदा केला, की गूगल आणि फेसबुकसारख्या कंपन्यांनी बातम्यांचा मोबदला द्यावा. फेसबुकच्या मालक कंपनीचं, मेटाचं म्हणणं असं, की वृत्तसंस्था स्वतःहून आमच्याकडे येतात आणि त्यांनाच वाचक मिळतात. मग पैसे कशाचे? १ ऑगस्टपासून मेटाने कॅनडात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बातम्या दाखवणं बंद करायला सुरुवात केली.

दोनच आठवड्यांनी, १६ ऑगस्टला, वणवा जवळ आल्यामुळे उत्तरेकडचं यलोनाइफ शहर रिकामं करण्याचा आदेश निघाला. सुमारे २०,००० माणसं आणि बाहेर पडायला एकच महामार्ग. सरकारी सूचना फेसबुकवर होत्या, पण सीबीसीची बातमी तिथे कुणाला पाठवता येत नव्हती. लोक बातमीचा स्क्रीनशॉट काढून तो एकमेकांना पाठवत होते. रेडिओ मात्र बोलत होता. कारण तो सीबीसीचा स्वतःचा होता.

पुढे गूगलने वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर द्यायचं मान्य केलं. त्यात सीबीसीचा वाटा जास्तीत जास्त ७ टक्के ठरला. मेटाने मात्र पैसे दिले नाहीत आणि बातम्याही परत आणल्या नाहीत.

मोबदला मागणं चूक होतं, असं मी म्हणणार नाही. बातमीमागे बातमीदाराची पायपीट असते आणि ती फुकट होत नाही. पण पैशाचा वाद दोन मोठ्यांचा होता आणि अडचण झाली ती गाडीत मुलंबाळं घालून निघालेल्यांची. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने दुसऱ्याच्या अंगणात खुशाल जावं, पण आपलं घर मोडून जाऊ नये. आपला रेडिओ, आपलं संकेतस्थळ, आपले गावोगावचे बातमीदार सांभाळावेत.

आपल्यालाही हे लागू आहे. आपल्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप झकास चालतो, पण व्हॉट्सॲपही मेटाचंच. तिथे आलेली बातमी पुढे ढकलण्याआधी एकदा रेडिओ लावावा, पेपर उघडावा, मूळ ठिकाणी जाऊन बघावं.

काल संध्याकाळी मी दाराजवळ जाऊन आलो. फळा अजून आहे आणि त्यावर कुणीतरी आजच्या कार्यक्रमाची वेळ लिहिली आहे. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. तो फळा शाळेचा आहे, म्हणून तो पुसायचा अधिकार फक्त बाईंचा होता. तो तसाच राहू द्या.