बंद कॉम्प्युटर आणि आत अडकलेला हिशेब

आष्ट्याहून आम्ही बोलतोय. आज विषय आहे कॉम्प्युटरचा, आणि तोही जुन्या. गटांच्या कार्यालयात असतो ना तसला, कुणीतरी वापरून दिलेला, टेबलावर प्लॅस्टिकच्या कव्हराखाली झाकलेला. एके दिवशी बटण दाबावं तर ढिम्म हलत नाही. आणि तो दिवस नेमका कर्जाच्या फाईलचा असतो! बचतीची खतावणी, हप्त्यांचे तक्ते, बायकांच्या पासबुकांच्या नकला, सगळं आत.

मग आपण म्हणतो, "गेला कॉम्प्युटर." दुरुस्तीवाला म्हणतो, "मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या." आमचं म्हणणं असं की दोन्ही वाक्यं जरा थांबून बोलावीत. आधी आपल्याला बघता येण्यासारखं बरंच असतं.

पहिली गोष्ट, वीज येते का ते बघा. त्याच बोर्डात मोबाईलचा चार्जर लावून बघा. मग यूपीएस. जुन्या यूपीएसची बॅटरी दोन-चार वर्षांत मरते, आणि ती मेली की पुष्कळदा यूपीएस पुढे वीजच सोडत नाही. त्याला बाजूला ठेवून कॉम्प्युटर थेट भिंतीच्या बोर्डाला लावा. मॉनिटरची आणि डब्याची वायर बहुधा सारखीच असते, तेव्हा अदलाबदल करून बघा. डब्याच्या मागे एक छोटं बटण असतं, झाडलोट करताना ते बंद होऊ शकतं. तेही बघा. जुन्या डब्यांना मागे एक लाल सरकतं बटणही असतं, त्यावर 115 आणि 230 असं लिहिलेलं. ते 230 वरच राहू द्या. 115 वर सरकवून वीज दिली तर धाडकन आवाज होऊन पॉवर सप्लाय जळतो. पोरांना त्याला हात लावू देऊ नका.

आता कान द्या. पंख्याचा आवाज येतोय पण पडदा काळा आहे? मग कॉम्प्युटर मेलेला नाही. मॉनिटरची वायर दोन्ही टोकांना घट्ट बसवा. तरी काही दिसत नसेल आणि आतून पुन्हा पुन्हा बीप वाजत असेल, तर बऱ्याच वेळा खोट रॅममध्ये असते. रॅम म्हणजे विताएवढ्याहून थोडी लहान अशी हिरवी पट्टी. धूळ, ओल, मुंग्या, झुरळं यांनी तिची बोटं मळतात. आपल्याकडे कृष्णा-वारणेच्या काठच्या गावांत पावसाळ्यात कपाटातले कपडे दमट होतात, तिथं या पट्टीचं काय घेऊन बसलात!

डबा उघडण्याआधी वायर पूर्ण काढा, बोर्डाचं बटण बंद करून भागत नाही. मग सुरू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. हातातलं धातूचं काढून ठेवा. काचेच्या बांगड्या चालतील, मंगळसूत्र मात्र ब्लाउजच्या आत घ्या, वाकल्यावर ते नेमकं आत लोंबतं. डब्याच्या पत्र्याला हात लावा आणि मगच आत हात घाला. मऊ, कोरड्या ब्रशनं धूळ झाडा. फडकं ओलं करू नका. रॅमच्या दोन्ही टोकांच्या चिमट्या बाहेर ढकलल्या की ती वर येते. तिची सोनेरी कड पेन्सिल खोडायच्या पांढऱ्या रबरानं हळूच घासा, रबराची कुसं झटका आणि खाच बघून परत बसवा. उलटी बसत नाही, जोर करू नका. नीट बसली की चिमट्या आपोआप टक्कन मिटतात. एक मात्र पक्कं: वायर जिथून आत येते तो पत्र्याचा बंद डबा कधीही उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यात झटका देण्याइतकी वीज साठलेली असते.

कधी कॉम्प्युटर सुरू होतो, पण तारीख कुठली तरी जुनी दाखवतो आणि दर वेळी एक बटण दाबायला सांगतो. तो दोष नाण्याएवढ्या सेलचा. त्यावर सीआर 2032 असं लिहिलेलं असतं, घड्याळवाल्याकडेही मिळतो. एवढ्यासाठी नवीन यंत्र कुणी घेऊ नये. सुरू होऊन मिनिटाभरात आपोआप बंद पडत असेल तर मधला पंखा धुळीनं जाम झालाय का ते बघा. आणि पडद्यावर डिस्क सापडत नाही असं आलं, तर आधी लावलेला पेन ड्राइव्ह काढा. बऱ्याच वेळा तेवढंच असतं.

पण आतून टक-टक असा आवाज येत असेल तर लगेच वीज बंद करा, पुन्हा सुरू करून बघू नका. तो आवाज हार्ड डिस्कचा असू शकतो, आणि आपला हिशेब तिच्यातच आहे. प्रत्येक प्रयत्नाला ती आणखी बिघडते. पुराचं पाणी लागलेल्या कॉम्प्युटरलाही हेच. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर पुष्कळ घरांत चिखल सुकवून वस्तू वापरात आणल्या. भांडी चालतात तशी, हार्ड डिस्क चालत नाही. ती वीज न देता जाणकाराकडे द्या.

जाणकाराकडे देताना पहिलं वाक्य हे बोला: "फॉरमॅट मारायचा नाही, आधी आतलं काढून द्या." कॉम्प्युटर बंद पडला म्हणजे माहिती पुसली असं होत नाही. मदरबोर्ड जळला तरी हार्ड डिस्क शाबूत असू शकते. ती काढून एका खास वायरीनं दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की फाईली दिसतात. दुरुस्तीवाला विंडोज नवीन टाकतो म्हणाला आणि आपण मान डोलावली, तर कॉम्प्युटर सुरू होईल, खतावणी मात्र गेली असेल.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. 1998 साली वारणानगरला वायर्ड व्हिलेज प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या 70 गावांसाठी तो होता, उसाच्या नोंदी गावातल्या कॉम्प्युटरवर कळाव्यात म्हणून. पुढं ही यंत्रं जुनी झाली, सांभाळणं महाग पडू लागलं. 2007 च्या सुमारास सात गावांत तेच काम मोबाईलच्या एसएमएसवर करून पाहिलं आणि ते चाललं. गावातलं यंत्र बदलता आलं, कारण माहितीचा मुख्य साठा एका जागी, कारखान्याकडे होता. आपल्या गटाचं तसं नसतं. आपल्याकडे कित्येकदा सगळं त्या एकाच डब्यात असतं. म्हणून महिन्याच्या बैठकीनंतर एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या, आणि तो पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरच्या टेबलात ठेवू नका, अध्यक्षांच्या किंवा सचिवांच्या घरी ठेवा. इतिवृत्ताची वही आणि हातानं लिहिलेली खतावणीही चालूच ठेवा. वीज नसली तरी ती उघडते.

आणि कॉम्प्युटर खरंच संपला असेल, भंगारवाला दारात उभा असेल, तर डबा देण्याआधी चार स्क्रू काढून हार्ड डिस्क बाहेर घ्या. तिच्यात बायकांची आधारकार्डं आहेत, फोटो आहेत, खातेक्रमांक आहेत. कोरड्या कागदी पाकिटात घाला, वर गटाचं नाव आणि तारीख लिहा, आणि इतिवृत्ताच्या वह्यांशेजारी कुलपात ठेवा. भंगारवाला तेवढ्यासाठी दहा-वीस रुपये कमी देईल. देऊ द्या.