पाण्याचा जोड, विजेचा शेजार



चहाचा कप संगणकापासून लांब ठेवा, असं घरातल्या मुलांना आपण नेहमी बजावतो. त्याच संगणकाच्या पोटात मुद्दाम पाणी खेळवणारेही लोक आहेत, असं सांगितलं तर तुम्हाला नवल वाटेल. पण ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९८० साली जाहीर केलेल्या ३०८१ या मोठ्या संगणकाच्या चिप पाण्यानेच थंड ठेवल्या जात. आपल्या पुण्यात आयसर संस्थेत २०१९ मध्ये सुरू झालेला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणकही द्रवाने थंड करण्याच्या पद्धतीवर उभारला गेला. घरी अ‍ॅनिमेशन करणारी, चित्रफितींचं संकलन करणारी किंवा मोठे गेम खेळणारी हौशी मंडळीही आता हाच मार्ग धरतात.

रचना सोपी आहे. प्रोसेसरवर आणि ग्राफिक्स कार्डावर तांब्याचा एकेक पोकळ ठोकळा बसवतात. पंप त्यातून पाणी फिरवतो आणि ते पाणी रेडिएटरमध्ये जाऊन निवतं. सगळं नळ्यांनी जोडलेलं असतं. अडचण येते ती एखादा भाग काढायची वेळ आली की. सगळं पाणी उपसा, भाग बदला, पुन्हा भरा, हवेचे बुडबुडे घालवा... अर्धा दिवस जातो. म्हणून नळीच्या मध्ये झटकन सुटणारा जोड घालतात. त्याला क्विक डिस्कनेक्ट किंवा नुसतं कपलिंग म्हणतात. आज मी बोलणार आहे ते एवढ्याशा वस्तूबद्दल. कारण वर्षभर ती काही करत नाही, पण सोडायच्या क्षणी तिच्या खाली काही हजारांचं, कधी लाखाचं कार्ड असतं.

आपल्या स्वयंपाकघरातला गॅसचा रेग्युलेटर आठवा. तो काढला की सिलिंडरच्या तोंडातली स्प्रिंगची झडप आपोआप बंद होते. झडप एकाच बाजूला, कारण साठा एकाच बाजूला. गॅरेजमधल्या हवेच्या नळीचंही बहुधा असंच असतं. हे हवेचे जोड स्वस्त आणि कुठेही मिळणारे, म्हणून ते वापरायचा मोह होतो. पण संगणकात पाणी जोडाच्या दोन्ही बाजूंना उभं असतं. एका बाजूची झडप मिटली तरी दुसऱ्या बाजूची नळी सरळ मदरबोर्डावर रिकामी होते. तेव्हा पहिला नियम हा, की झडप दोन्ही अर्ध्यांत हवी.

पण तेवढ्यानेही भागत नाही. काही जोडांत दोन झडपांच्या मध्ये लहानशी पोकळी राहते. सोडताना त्या पोकळीतलं पाणी सांडतं आणि जोडताना तिथली हवा आत ढकलली जाते. दुसऱ्या प्रकारात दोन्ही अर्ध्यांची तोंडं सपाट असतात आणि ती एकमेकांना चिकटून बसतात. सोडल्यावर तोंडावर फक्त ओल दिसते, फार तर एखादा थेंब. किंमत जास्त पडते, पण विजेच्या शेजारी हाच प्रकार घ्यावा.

आता एक शंका हमखास विचारली जाते. या झडपा आणि स्प्रिंगा पाण्याची वाट अडवणार नाहीत का? अडवतात. पण किती बिघडतं, ते हिशेबाने पाहू. प्रोसेसर आणि कार्ड मिळून ५०० वॅट उष्णता देतात असं धरा. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल, तर ही सगळी उष्णता घेऊन ते २ अंशांहूनही कमी तापतं. प्रवाह निम्मा, म्हणजे २ लिटर झाला, तर साडेतीन अंशांच्या आसपास. एकदोन ठिकाणच्या जोडांनी आकाश कोसळत नाही. मात्र दिसेल तिथे जोड घालत गेलात, तर पंप दमतो आणि गळू शकतील अशा जागाही वाढतात. जो भाग खरोखर वरचेवर काढायचा आहे, त्याच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या नळीवर एकेक जोड पुरे.

इथे एक युक्ती सांगतो. येणाऱ्या नळीवर कार्डाकडे नर अर्धा ठेवा, जाणाऱ्या नळीवर कार्डाकडे मादी. म्हणजे कार्ड काढल्यावर त्याची दोन टोकं एकमेकांत बसतात आणि पाणी आतच बंदिस्त राहतं. इकडे उरलेली दोन टोकंही आपसात जुळतात आणि कार्डाविना पाण्याचा फेरा पुन्हा पूर्ण होतो.

खरेदी करताना तीन गोष्टी पाहा. पहिली म्हणजे माप. आटे बहुतेक ठिकाणी जी पाव इंचाचे असतात, पण नळीचा आतला आणि बाहेरचा, दोन्ही व्यास जुळायला हवेत. दोन अर्धे एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घ्या. कूलन्स या अमेरिकी कंपनीचे क्यूडी३ आणि क्यूडी४ हे तिचे स्वतःचे दोन प्रकारसुद्धा एकमेकांत बसत नाहीत. मोठ्या डेटा सेंटरवाल्यांनी ही कटकट ओळखून यूक्यूडी नावाचं सामाईक मानक ठरवलं. घरगुती बाजारात मात्र अजून ज्याचं त्याला. दुसरी गोष्ट धातू. ठोकळे तांब्याचे असतील तर जोड निकेलचा मुलामा दिलेल्या पितळेचे घ्यावेत. पाण्यात तांब्याशेजारी अ‍ॅल्युमिनियम आलं की ते गंजून झिजत जातं. तिसरी गोष्ट रबराची ओ-रिंग. ती बहुधा ईपीडीएम रबराची असते. हे रबर पाण्यात टिकतं, पण खनिज तेलाने फुगतं. तिला व्हॅसलिन किंवा मशीनचं तेल लावू नका, सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा.

आणखी एक. पितळी जोड वजनाने जड असतो. त्याच्या भाराने मऊ नळी मुडपते. म्हणून त्याला आधार द्या, आणि शक्यतो कार्डाच्या डोक्यावर न ठेवता तो पेटीच्या मागे, बाहेर आणा. सोडण्याआधी पंप बंद करा. जोडल्यावर ‘टक्’ आवाज ऐका आणि हलकेच ओढून पाहा. अर्धवट बसलेला जोड गळत नाही, पण प्रवाह रोखतो. बाहेरून काही दिसत नाही आणि आत प्रोसेसर तापत राहतो.

नवा जोड आणला की तो थेट संगणकात बसवू नका. पाणी भरलेल्या नळीवर, बादलीवर धरून दहा वेळा जोडा, दहा वेळा सोडा आणि खाली टिश्यू पेपर ठेवा. त्यावरचा डाग विक्रेत्याच्या जाहिरातीपेक्षा खरं सांगतो. मग संगणकात बसवून, बाकी वीज बंद ठेवून, फक्त पंप चोवीस तास चालवा आणि प्रत्येक सांध्याखाली असाच कागद ठेवा. तो कोरडा निघाला की मगच संगणक सुरू करा.

जोड दिसायला कसा आहे, यावर भुलू नका. जोडलेला असताना सगळेच जोड चांगले दिसतात. सुटल्यावर तो काय करतो, ते पाहून पैसे मोजा.