खरखर बटणाची

गणपती जवळ आले, की ठाकूरद्वारच्या परिसरात बेंजो-गिटारचा सराव सुरू होतो. आवाजाचं बटण फिरवावं, तर खर्रर्र! वाद्यच बिघडलं, असं समजू नका. बटणाखालच्या ‘पॉट’मध्ये कार्बनच्या पट्टीवरून धातूचं पातं सरकतं. मध्ये धूळ आणि मळ बसला, की संपर्क तुटत राहतो. तीच ही खरखर.

लॅमिंग्टन रोडवर कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो. तो पॉटच्या फटीत थोडासा फवारा, बटण वीसेक वेळा पुरतं फिरवा, सुकू द्या. खोबरेल तेल नको. त्याला धूळ चिकटते. तरी खरखर राहिली, तर पट्टी झिजली असेल, पॉट बदला.

अ‍ॅम्प्लिफायर मात्र जाणकाराकडूनच उघडून घ्या. प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर जबर झटका देऊ शकतो. आणि हे काम मिरवणुकीच्या आठवडाभर आधीच उरका.