पावती जपून ठेवा



दोन दिवसांपूर्वी एका जाणत्या माणसाचा फोन आला. म्हणाले, "ताई, अध्यक्षीय भाषण आहे, साहित्यावर बोला. गायरान, अ‍ॅट्रॉसिटी, मोर्चे हे विषय नेहमीचेच झाले. त्याला दुसरी व्यासपीठं आहेत." मी बरं म्हटलं. तेव्हा आज साहित्यावरच बोलते. फक्त माझं साहित्य कुठून सुरू होतं, ते आधी सांगते.

माझ्या आजीकडं एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात एक ठेवणीतलं लुगडं, एक पितळी तांब्या आणि खताच्या पिशवीत गुंडाळलेल्या दंडाच्या पावत्या. सरकारी जमिनीवर परवानगीवाचून पेरणी केली म्हणून झालेला दंड. आजीला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण कागदाचा रंग बघून ती पावतीचं साल सांगायची. दंड झाला की माणसं तोंड लपवतात. आजी आल्यागेल्याला पावती काढून दाखवायची. म्हणायची, "मी तिथं होते, हे सरकारनंच लिहून दिलंय."

पुढं मी पुष्कळ शिकले, वकिलांची व्याख्यानं ऐकली. कायद्याचा इतका नेमका अर्थ कुणी सांगितला नाही.

शहरातून आलेल्या पाहुण्यांसाठी थोडं फोडून सांगते. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना एक-ई नावाची नोंदवही असते. सरकारी जमिनीवर कुणाचं किती अतिक्रमण आहे, ते तिच्यात लिहितात. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं ठरवलं, की १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात भूमिहीन दलित-आदिवासींनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणं नियमित करायची. १४ एप्रिल ही तारीख बघा. बाबासाहेबांची जयंती कुंपणाचा खांब म्हणून रोवलीय. त्या खांबाच्या अलीकडं आपण कसत होतो हे दाखवायला एक-ईची नोंद हवी, नाहीतर दंडाची पावती. म्हणून ज्या वहीत आपलं नाव गुन्हेगार म्हणून चढतं, त्याच वहीत ते चढावं यासाठी माझी माणसं उन्हातान्हात तहसीलसमोर बसली. जगात दुसरीकडं कुठं माणसं स्वतःच्या गुन्ह्याची नोंद व्हावी म्हणून मोर्चा काढतात, ते मला सांगा.

हे शहाणपण आभाळातून पडलं नाही. मराठवाड्याच्या मांगवाड्यांत ते मानवी हक्क अभियानानं पेरलं. अ‍ॅडव्होकेट एकनाथ आवाड यांना आम्ही जिजा म्हणायचो. बीड जिल्ह्यातल्या दुकडेगावचा पोतराजाचा पोरगा. वडिलांचे पोतराजकीचे केस त्यांनी कापले, वकिली शिकले, ठाणे जिल्ह्यात वेठबिगारमुक्तीचं काम जवळून पाहिलं, आणि परत येऊन १९९० च्या सुमारास अभियान उभं केलं. मांगवाड्याला जयभीम म्हणायला लावलं. २०१५ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांच्या आत्मकथनाचं नाव 'जग बदल घालुनी घाव'. अण्णा भाऊ साठेंच्या गीतातून घेतलेलं ते नाव आज पोस्टरवर फार शोभतं. घाव घालायची वेळ आली की मात्र पोस्टर लावणारे दिसत नाहीत.

मानवी हक्क हा शब्द तुम्ही कुठं ऐकता? १० डिसेंबरला. शाळेत फलक लागतो, १९४८ सालच्या जाहीरनाम्याचा उल्लेख होतो, चहा-बिस्किटं होतात. आमच्याकडं तो शब्द पिठाच्या गिरणीच्या दारात कळतो. गायरानात तूर डोलायला लागली की एका रात्री तिच्यात जनावरं सुटतात. तक्रार केली की सकाळी गिरणीवाला म्हणतो, "दळण होणार नाही." दुकानदार तेल देत नाही, रोजगार बंद होतो, पाण्याची वाट बंद होते. याला बहिष्कार म्हणतात, आणि अशा वेळी कार्यकर्ता मोटारसायकलवर पिठाची पिशवी टांगून वस्तीवर पोचतो. ही संघटनेची पहिली ओळ. जाहीरनामा तिच्या पाठीमागून येतो.

आणि हा सगळा आटापिटा कशासाठी? चार एकर मुरमाड माळासाठी. ज्यावर कुसळं उगवत होती, तिथले धोंडे वेचून आमच्या बायांनी बाजरी काढली. पण त्या बाजरीचं मोल बाजारभावात मोजू नका. या जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला माणूस म्हणत नाहीत, एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड उचलायचं, सहा महिने कारखान्याच्या फडावर कोपीत राहायचं, लेकरांची शाळा बुडवायची आणि उचल फिटली नाही म्हणून पुढच्या साली परत जायचं. आगाऊ रकमेपोटी माणूस बांधून घेणं १९७६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. कायदा त्याला वेठबिगारी म्हणतो, आपण हंगाम म्हणतो. ज्या घराच्या चुलीला गायरानातलं धान्य वर्षभर पुरतं, ते घर मुकादमाला नाही म्हणू शकतं. हा नकार म्हणजेच हक्क. म्हणूनच पाटलाच्या डोळ्यात तो माळ सलतो. त्याला गवत नको असतं, त्याला मजूर हवा असतो.

आता पर्यावरणवाल्यांचं ऐकू. ते म्हणतात, गायरान गुरांचं आहे, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय. हो, सांगितलंय. २८ जानेवारी २०११, जगपाल सिंग विरुद्ध पंजाब सरकार. गावच्या तळ्यात भराव टाकून घरं बांधणाऱ्या दांडग्यांविरुद्धचा तो निकाल. शेवटपर्यंत वाचा. त्यात न्यायालयानं अपवाद लिहून ठेवलाय: शासनाच्या निर्णयानं भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना जमीन दिली असेल, तर ती नियमित करता येईल. एवढं वाक्य आमच्या कचेऱ्यांना दिसत नाही. २०२२ च्या शेवटी उच्च न्यायालयाच्या आदेशाचं नाव घेऊन नोटिसा निघाल्या, तेव्हा त्या झोपडीवरही पोचल्या आणि पेरलेल्या वावरावरही. गुरांचा एवढा कळवळा असलेलं हेच सरकार सौरऊर्जेच्या प्रकल्पाला गायरान द्यायला तयार होतं. काचेच्या तावदानाखाली गाय चरते आणि बाजरीच्या ताटाखाली चरत नाही, हे कुठलं पशुशास्त्र?

आता माझ्या लेखकबंधूंकडं वळते. तुम्ही आमच्या आत्मकथनांना पुरस्कार दिलेत, त्याबद्दल आभार. आमच्या भुकेची वर्णनं वाचून तुमचे डोळे भरून आले. पण ती भूक ज्या सातबाऱ्यावरून हटली असती, त्यावर तुम्ही एक शब्द लिहिला नाहीत. वेदना हा तुमचा आवडीचा वाङ्मयप्रकार आहे. मागणी केली की तुम्ही तिला प्रचार म्हणता. मला प्रचाराची लाज नाही. अण्णा भाऊ तमाशाच्या बोर्डावर डफ घेऊन उभे राहिले, तेव्हा त्यांनाही कुणी विचारलं असेलच, की यात कला कुठाय.

आणि लेखणीचीच गोष्ट असेल, तर पोलीस ठाण्यात चला. रात्री एकला फिर्याद लिहिली जाते. बाई सांगते, "माझी जात काढून चावडीपुढं मारलं." ठाणे अंमलदार लिहितो, "किरकोळ कारणावरून बाचाबाची झाली." या दोन वाक्यांमधल्या अंतरात आमचे किती तरी खटले मेलेत. १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याला जातिवाचक अपमान लोकांच्या देखत झालेला लागतो. म्हणून कार्यकर्ता हट्ट धरतो: शिवी जशीच्या तशी लिहा, चावडी लिहा, ऐकणारे कोण होते ते लिहा, दोन्हीकडच्या जाती लिहा, तपास उपअधीक्षकांकडं द्या. एक शब्द गळला की कलम गळतं. आठवा २९ सप्टेंबर २००६ चं खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं गावानं मारली. २००८ च्या निकालात जबर शिक्षा झाल्या, पण अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागला नाही. माणसं मेल्याचं सिद्ध झालं. ती कशासाठी मारली, ते कागदावर उमटलंच नाही. शब्द कागदावर पडला नाही तर काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण मराठी साहित्यशास्त्रात शोधून सापडणार नाही.

सगळे बाण बाहेर सोडून मी घरी जाणार नाही. १ ऑगस्टला, अण्णा भाऊंच्या जयंतीला, आपण डीजे लावतो. त्या भाड्यात किती गावांची एक-ईची नक्कल निघेल, याचा हिशेब करा. संघटनेत तयार झालेली काही पोरं आज त्याच मुकादमाच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसतात, हेही आपल्यालाच बोलावं लागेल. आणि धोंडे वेचले बाईनं, लाठी खाल्ली बाईनं, मग नोंदीच्या वेळी नाव एकट्या नवऱ्याचं का? पाटलाकडून वाटा मागता, घरात वाटा देता का? पुरुषमंडळींनी टाळी वाजवली नाही, ते माझ्या ध्यानात आलं.

चळवळ संपली, असं हल्ली पांढरपेशे विद्वान लिहितात. नामांतराच्या लढ्यात ४ ऑगस्ट १९७८ ला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे नावाच्या मातंग माणसानं जयभीम सोडला नाही आणि जीव सोडला. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. एका नावाला जिथं सोळा वर्षं लागतात, तिथं जमिनीच्या लढाईचा तेरावा घालायची घाई कुणाला झालीय, ते ओळखा.

माझं मागणं छोटं आहे. इथं दोनशे कवी बसलेत असं सूत्रसंचालकांनी सांगितलं. तुम्ही कविता लिहा, जोरात लिहा. पण येत्या सोमवारी आपापल्या गावच्या तलाठ्याकडं जा. त्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, तसं म्हणा. एक-ईची नक्कल मागा. नाही म्हणाला तर माहिती अधिकाराचा अर्ज जागेवर लिहा आणि पोच घ्या. वस्तीवर ती नक्कल मोठ्यानं वाचून दाखवा. ज्या म्हातारीचं नाव त्यात नाही, तिचा अर्ज तुमच्या सुंदर अक्षरात लिहून द्या. पुढच्या संमेलनाला येताना कवितेच्या वहीबरोबर त्या अर्जांच्या पोचपावत्या आणा. अध्यक्ष कोण करायचा, ते त्या मोजून ठरवू.

आजी गेली तेव्हा पेटी माझ्या वाटणीला आली. जमीन अजून नावावर झालेली नाही. पावत्या मी जपून ठेवल्यात. तुम्हीही ठेवा.

जय लहुजी, जय भीम.