वेदनेचा पहारेकरी : मज्जारज्जू
(ज्ञातिसभेच्या वार्षिक संमेलनात नागापूर येथे केलेले भाषण)



तापल्या तव्याला बोट लागताच हात मागे येतो. ‘भाजले’ हे मात्र क्षणभराने कळते. याचे कारण आपल्या पाठीच्या कण्यात आहे. कण्याच्या पोकळीतून करंगळीएवढ्या जाडीचा, सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा मज्जारज्जू खाली उतरतो. त्वचेतील मज्जातंतू इजेची वार्ता प्रथम त्याच्याकडे आणतात. हात मागे घेण्याची आज्ञा तो स्वतःच देतो आणि वार्ता पुढे मेंदूकडे धाडतो. तीक्ष्ण कळ शीघ्र तंतूंतून येते. मागाहूनचा ठणका सेकंदास जेमतेम एक-दोन मीटर चालणाऱ्या मंद तंतूंतून येतो.

परंतु मज्जारज्जू हा केवळ टपालवाला नव्हे. तो पहारेकरी आहे. तेथे जणू एक दरवाजा असून स्पर्शाच्या वार्ता आल्या की वेदनेच्या वार्तांस अटकाव होतो, असा सिद्धांत १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी मांडला. लागलेला गुडघा आई चोळते आणि मूल शांत होते, ते यामुळेच. सिद्धांताच्या तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या, पण मूळ कल्पना टिकली. मेंदूही वरून हुकूम धाडून हा दरवाजा लोटतो अथवा उघडतो. उलटपक्षी, वेदनेचा मारा चालूच राहिला तर मज्जारज्जूच हळवा होतो, हे क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली दाखविले. मग मूळ जखम भरली तरी दुखणे उरू शकते.

वेदनाच नसती तर बरे झाले असते काय? कुष्ठरोगात मज्जातंतू बधिर होतात. हात भाजला तरी कळत नाही आणि जखमा होऊन बोटे झिजतात. अशा रुग्णांसाठी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणारे बाबा आमटे स्वतः मणक्यांच्या विकाराने इतके पीडित होते की त्यांस बसता येत नसे. तरीही १९८५ साली ते ‘भारत जोडो’ यात्रेस निघाले.

बंधुभगिनींनो, येथील औद्योगिक वसाहतीत यंत्रापाशी दिवसभर उभे राहणारे आपले तरुण आहेत. घरी वाकून राबणाऱ्या आपल्या सुना-लेकी आहेत. फोटोत काही दिसले नाही, म्हणून त्यांच्या पाठदुखीस ‘सोंग’ म्हणण्याची आपल्यांत रीत आहे. ती सोडावी. दुखणे मुरण्यापूर्वीच वैद्यकीय सल्ला घ्यावा. पाठदुखीबरोबर पायांतील शक्ती गेली किंवा लघवीवरील ताबा सुटला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. बाबांसारखे धैर्य सर्वांस लाभत नाही. परंतु दुसऱ्याच्या वेदनेवर विश्वास ठेवणे प्रत्येकास शक्य आहे.