अग्निबाण कशाला रेटतो?



दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली, म्हणजे मुलांच्या बोलण्यात बाण आणि भुईनळे काही दिवस रेंगाळत असतात. अशाच एका दिवशी एका खेड्यातील शाळेत चौथीच्या वर्गाला अग्निबाणाची माहिती दिली जात होती. "बाण हवेला खाली रेटतो, म्हणून वर जातो," असे गुरुजींनी सांगितले. त्यावर एक मुलगी उभी राहिली. "गुरुजी, चंद्राच्या वाटेवर हवा नसते, असे काल तुम्हीच सांगितलेत. मग तिथे यान कशाला रेटते?" गुरुजी क्षणभर थबकले. "ते पुढच्या इयत्तेत कळेल," असे म्हणून त्यांनी पान उलटले. मुलगी मुकाट्याने खाली बसली.

ही चूक त्या गुरुजींची एकट्याची नव्हे. अमेरिकेतील रॉबर्ट गॉडार्ड या शास्त्रज्ञाने अग्निबाण निर्वात जागेतही चालेल असे प्रतिपादन केले, तेव्हा १९२० साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अग्रलेखातून त्याची थट्टा केली होती. १६ मार्च १९२६ रोजी गॉडार्डने द्रवइंधनावरील पहिला अग्निबाण उडविला. तो अडीच सेकंद हवेत राहिला. पुढे १९६९ च्या जुलैत माणसे चंद्राकडे निघाली, तेव्हा त्या वृत्तपत्राने आपली चूक छापून मान्य केली. ते वाचावयास गॉडार्ड हयात नव्हता.

आपल्या वर्गातील मुलीला मात्र एकोणपन्नास वर्षे तिष्ठत ठेवण्याचे कारण नाही. घरी गेल्यावर गुरुजींना तो प्रश्न स्वस्थ बसू देईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्ग झोपाळ्यापाशी नेला. एका मुलास, पाय जमिनीला लागणार नाहीत असे, झोपाळ्यावर बसविले. प्रथम त्याने रिकाम्या हातांनी समोरची हवा ढकलली. झोपाळा किंचित हलून जागीच राहिला. मग त्याच्या हाती वाळू भरलेली पिशवी दिली, समोरची मुले बाजूस केली आणि पिशवी जोराने पुढे फेकावयास सांगितले. झोपाळा वीतभर मागे गेला. मुलाने रेटली ती पिशवी, हवा नव्हे. अग्निबाणही आपल्याच पोटातील जळते वायू मागे फेकतो आणि स्वतः पुढे जातो. होडीतून काठावर उडी घेणाऱ्याच्या पायाखालची होडी मागे सरते, तीही याच न्यायाने.

एवढ्यावर चौकस मूल थांबणार नाही. हवा नसेल तर इंधन जळते कसे, असे ते विचारील. दिवाळीच्या बाणाच्या दारूत सोरा असतो व जळण्यास लागणारा प्राणवायू तोच पुरवितो. मोठा अग्निबाणही आपला प्राणवायू बरोबर घेऊन निघतो. मात्र शाळेत दारूचे वा काड्यापेटीचे प्रयोग कोणीही करू नयेत; वाळूची पिशवी पुरेशी आहे.

यातून गणिताचा पाठही साधतो. १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या अग्निबाणाचे वजन सुमारे ६४० टन होते; त्यावरील चांद्रयान-३ सुमारे ३.९ टनांचे. दर शंभर किलोंमागे यानाचा वाटा किती, हे मुलांनी स्वतः काढावे. उरलेल्या वजनातील फार मोठा भाग केवळ फेकून देण्यासाठी नेला होता, हे उत्तरावरून त्यांच्या ध्यानी येईल.

साधने नाहीत, ही सबब येथे चालणार नाही. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून आपल्या देशातील पहिला शोधक अग्निबाण उडाला. तेथील जुन्या चर्चच्या इमारतीत काम चाले व सुटे भाग सायकलवरून नेले जात.

झोपाळ्याचा प्रयोग संपल्यावर गुरुजी वर्गाला म्हणाले, "काल माझे उत्तर चुकले होते." या वाक्याने त्यांचा मान उणावला नाही. ती मुलगी पुन्हा उभी राहिली. "मग चंद्रावर उतरताना यान थांबते कसे?" गुरुजींनी पिशवी तिच्याच हाती दिली. पुढे जाणाऱ्या झोपाळ्यावरून तिने ती पुढेच फेकली आणि झोपाळ्याची गती मंदावली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चा विक्रम याच रीतीने, वायूंचा झोत आपल्या गतीच्या दिशेने सोडून, चंद्रावर हळुवार उतरला होता.

मुलाने दुसरा प्रश्न विचारला, म्हणजे पहिला पाठ सफल झाला असे शिक्षकाने समजावे.