नववी नायिका

(साहित्यशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थिनींसमोर सांगली येथे केलेले भाषण)

मी समीक्षक नाही, एम.एस.डब्ल्यू. झालेली कार्यकर्ती आहे. पण शिवाजी विद्यापीठात बी.ए.ला तुमच्यासारखाच साहित्यशास्त्राचा पेपर मीही दिला. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या आठ नायिका घोकल्या. पती परगावी गेलेली ती प्रोषितभर्तृका. मार्क मिळाले, विसरून गेले.

पुढे साताऱ्यात काम करताना पाटण-जावळीच्या डोंगरातल्या बायका भेटल्या. नवरे मुंबईत माथाडी. तेव्हा ती व्याख्या आठवली. तिच्यात विरह होता; एकटीनं उरकलेली भातलावणी, सासूचं आजारपण, न पोचलेले पैसे नव्हते. आठही जणींची वर्गवारी पुरुषाशी असलेल्या नात्यावरून. त्याच्याविना ती कशी जगते, हा प्रश्नच नाही.

याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रंगवलं. स्त्रीपात्रंही पुरुषच करत. बाई कशी दिसावी, काय बोलावी, हे ठरवणारे तेच.

१८८२ साली ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून नाटक-कादंबरीकारांना याचा जाब विचारला. ती समीक्षाच होती. पण १९७५ साली स. गं. मालशांनी पुन्हा छापेपर्यंत ते पुस्तक अडगळीतच होतं.

परीक्षेत व्याख्या जरूर लिहा. वहीत मात्र प्रत्येक व्याख्येखाली विचारा, ही कुणी केली, कुणाकडे पाहून? आमच्या केंद्रात येणाऱ्या टाकलेल्या बाईला त्या आठांत जागा नाही. नववं नाव शोधायचं असेल, तर ते तिलाच विचारा.